मी परत जाऊन घंटी वाजवली

७ फेब्रुवारी

काल यांना आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या सेंटरमध्ये ठेवून आले. घरी येऊन पलंगावर आडवी झाले ती एकदम सकाळीच उठले. यांना पक्षाघात झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती. उठल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, तर किती हलकं वाटतंय! मग शेजारचा रिकामा पलंग दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली. चहा मात्र बसून, गरम गरम, दोनदा घेतला.

कारण लिहून ठेवते, उद्या माझं मलाच खोटं वाटायला नको. हे न्हाणीघरात घसरले त्या दिवशी मला उचलता आले नाहीत. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, हाडापेराने मजबूत. उजवी बाजू गेल्यापासून दुप्पट जड झालेत. मी काखेत हात घालून ओढत राहिले. शेवटी शेजारच्या दोघांना हाक मारली. ते येईपर्यंत हे ओल्या फरशीवर कुडकुडत होते, आणि अंगावर टॉवेल टाकायचंही मला सुचलं नव्हतं. लोकांसमोर यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हाच ठरवलं की आता हे माझ्याच्याने होणार नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तुला झेपत नाही हे खरंय. पण जागा नीट बघून घे." घेतली की बघून. फरशी चकचकीत, कसला वास नाही, खिडक्यांत कुंड्या. आणखी काय बघायचं असतं?

१९ फेब्रुवारी

सेंटरचा नियम आहे, येण्याआधी फोन करायचा. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आम्ही त्यांना तयार ठेवतो. तुम्ही अचानक आलात आणि ते नको त्या अवस्थेत दिसले तर त्यांनाच संकोच वाटेल ना?" किती बारीक विचार करतात. मला टॉवेल आठवला आणि बाई एकदम आवडून गेल्या.

मी पोचले तेव्हा हे व्हरांड्यात बसले होते. भांग पाडलेला, तोंडाला पावडर. शाळेच्या फोटोला बसवलेल्या मुलासारखे. यांच्या मजल्यावरच्या अटेंडंटला सगळे मिशीवालेच म्हणतात, मिशाच तशा आहेत. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, खुर्ची पुसून दिली. "काकू, तुम्ही घोर लावून घेऊ नका. काका म्हणजे आमचे इथले जावई!" मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

यांना विचारलं, "बरं आहे ना इथे?"

"हो," म्हणाले.

आजारपणानंतर यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो, रेडिओ बंद कर म्हणायचं तरी हो. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं सगळं कळतं, फक्त बोलता-लिहिता येत नाही. घरी मला त्यातला फरक कळायचा, आवाजावरून, भुवईवरून. आजचा हो तोंडातल्या तोंडात होता. पण हो म्हणाले.

११ मार्च

बुटांच्या दुकानात परत जायला लागले, आठवड्यातून तीन दिवस. मालक म्हणाले, "तुम्ही गेल्यापासून लोक चुकीच्या मापाचे बूट घेऊन जातात आणि माझ्या नावाने खडे फोडतात." उभी हयात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून काढली. जुन्या बुटाचा तळ दाखवा, माणूस कुठे भार टाकतो, कुठली टाच घासत चालतो ते सांगते. यांच्यासाठी सवलतीत मऊ बूट घेतले, पट्टीचे, एका हातानेही लावता येतील असे. सेंटरमध्ये यांना रोज सकाळी धरून चालवतात. कामी येतील.

२ एप्रिल

या आठवड्यात एकदाच गेले. मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले होते, मग दुकानात माल आला. फोन केला तर मिशीवाले म्हणाले, "काका आत्ताच जेवून झोपलेत, काकू. उठवू का?" म्हटलं, नको, झोपू दे.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

२४ एप्रिल

हे वाळलेत. मॅडम म्हणतात बसून बसून भूक कमी होते. दंडावर काळंनिळं दिसलं; रक्त तपासायला घेतलं तेव्हा नस सापडेना म्हणे. गुंगीत होते, बोलता बोलता मान पडत होती. "नवीन गोळी सुरू केलीय, अंगवळणी पडेपर्यंत असंच चालायचं," मिशीवाले म्हणाले. ते पूर्ण वेळ आमच्याजवळ उभे होते. कामाचा माणूस, पण आम्हाला पाणी वगैरे लागेल म्हणून थांबला.

बूट अगदी नवेकोरे आहेत अजून. तळाला ओरखडासुद्धा नाही. वस्तू जपून वापरतात हो इथे, नाहीतर घरी यांनी महिन्यात वाट लावली असती.

एक गंमत झाली. यांची कॉलर दुमडली होती म्हणून मी हात वर केला, तर यांनी डोळे मिटून मान खांद्यात घातली. मी म्हटलं, "अहो, मारतेय का मी तुम्हाला?" मिशीवाले हसले. मीही हसले. हे म्हणाले, "हो."

१५ मे

सेंटरच्या फाटकाबाहेर एका बाईंनी अडवलं. बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. त्यांची आई वरच्या मजल्यावर होती, गेल्या महिन्यात गेली. म्हणाल्या, "आईला खाटेला बांधून ठेवायचे. सोडवून घ्यायला गेली आणि खाटेसकट पडली. तुमच्या मिस्टरांचे हात बघितलेत कधी? बाह्या वर करून?"

मी म्हटलं, "इथली माणसं चांगली आहेत. तुमचं दुःख मी समजू शकते, पण म्हणून कुणावरही आरोप करू नये."

"तुम्ही फोन करून येता ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी येईपर्यंत चिडचिड होत होती. काही लोकांना आपल्या म्हाताऱ्यांकडे बघायचं नसतं, आणि मग दोष दुसऱ्यांना द्यायचा असतो.

२२ मे

मॅडमनी मुद्दाम केबिनमध्ये बोलावलं. चष्मेवाल्या बाईंनी वर तक्रार केलीय, चौकशीला आजच अधिकारी येणार होते. म्हणाल्या, "तुमच्यासारख्या सुजाण कुटुंबाने दोन शब्द लिहून दिले तर आमच्या माणसांना धीर येईल." मी लिहून दिलं. मजकूर त्यांनीच तयार ठेवला होता, पण शेवटचं वाक्य माझं: 'माझ्या यजमानांची काळजी इथे माझ्या घरापेक्षाही चांगली घेतली जाते.' सही करताना जरा ऐट वाटली. अधिकाऱ्यांसमोरही तेच बोलले. यांची खाट आता खिडकीजवळ हलवणार आहेत.

लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, तू बाबांना एकटं कधी भेटलीस?" मी म्हटलं, "तू तिकडून मला अक्कल शिकवू नकोस." फोन ठेवला.

११ जून

लिहू की नको. लिहिते. कुणाला सांगणार तर नाहीच आहे.

दुपारी दुकानातली वीज गेली, मालकांनी लवकर सोडलं. सेंटर वाटेवरच, म्हटलं डोकावून जाऊ. फोन करायचा राहिला. मागच्या गल्लीत स्वयंपाकघराच्या दारात भाजीचा टेम्पो उभा होता, दार उघडंच होतं. पुढे वळसा कोण घालणार म्हणून तिथूनच आत गेले, मागच्या जिन्याने वर.

आधी यांचा आवाज ऐकू आला. "हो, हो, हो, हो." असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हे चाकांच्या खुर्चीत, तोंड भिंतीकडे. पोटावरून चादर गुंडाळून मागे गाठ मारलेली. पायजमा ओला, खाली फरशीवर थारोळं. मिशीवाले म्हणत होते, "परत केलंस? परत?" आणि डोक्यात मारत होते. जोरात नाही. सवयीने मारावं तसं. वर्तमानपत्र वाचता वाचता माशी हाकलतात तसं.

मी आत गेले नाही.

मी मागे सरकले. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या. जिना उतरून स्वयंपाकघरातून गल्लीत आले, चपला घातल्या, सगळा वळसा घालून पुढच्या फाटकाशी गेले. आणि घंटी वाजवली.

मला बराच वेळ बसवून ठेवलं. मग मिशीवाल्यांनी यांना आणलं, पायजमा बदललेला, भांग पाडलेला. "काकू, आज फोन नाही केलात! काकांना तयार करायला धावपळ झाली आमची." मला चहा दिला. मी प्यायले. "फार करता हो तुम्ही यांच्यासाठी," असंही म्हणाले. माझ्याच तोंडून आलं.

का गेले परत? घाबरले होते हे खरं. पण पायांनी तर मला फाटकापर्यंत नेलं. घंटी वाजवली की मी काही पाहिलंच नाही असं होईल, असं वाटलं असावं. त्या माणसाला ओशाळं वाटायला नको असंही मनात आलं. हे लिहिताना माझाच हात थांबतोय. त्याला ओशाळं वाटायला नको म्हणून!

यांचं तोंड भिंतीकडे होतं. यांनी मला पाहिलेलं नाही.

१४ जून

दुकानात गेले. एका गिऱ्हाइकाला दोन वेगवेगळ्या मापांचे बूट बांधून दिले. कुणाला काही सांगितलं नाही. यांना काढून कुठे नेणार? घरी आणलं तर मी उचलणार कशी? आणि ती सही. चौकशीच्या साहेबांसमोर बोललेलं. उद्या बघू.

१९ जून

सेंटरमधून फोन आला, यांना ताप भरलाय, हॉस्पिटलला नेतोय. मी धावत गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यांना कुशीवर वळवलं आणि मला म्हणाल्या, "इकडे या. बघा." माकडहाडाजवळ मूठ जाईल एवढी जखम. वास आला. मी तोंड फिरवलं तर त्या म्हणाल्या, "नाही, बघा. ही एका दिवसात होत नाही. यांना कुणी कुशीवर वळवतच नव्हतं." मनगटांवर आणि पोटावर दोरखंडाने घासल्यासारखे पट्टे. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. रक्तात गुंगीचं औषध निघालं, कुठल्याच डॉक्टरने न लिहिलेलं.

"यांची पाठ तुम्ही शेवटची कधी बघितली होती?"

मला आठवेना. यांना अंघोळ घालायचा मला आधीपासून संकोच. तिथे ठेवल्यापासून कपड्यांखालचं अंग मी एकदाही बघितलं नव्हतं.

"तुम्हाला काहीच कल्पना नव्हती?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मी त्याच दिवशी बोलले असते तर हे तितके दिवस त्या जखमेवर बसून राहिले नसते.

२१ जून

लेक आली. बाबांची पाठ बघून बाहेर गेली आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, तर जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "तुला काय माहीत, आई. तुलाही फसवलं त्यांनी." तो हात मला सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं. मागचं दार, चादरीची गाठ, घंटी, चहा.

तिने हात काढून घेतला. मग म्हणाली, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग आता काय करायचं ते मी सांगेन आणि तू करशील," ती म्हणाली. लहानपणी मी तिच्याशी बोलायचे त्या आवाजात.

३ जुलै

लेकीने वकीलबाई गाठल्या. तोंडाने फटकळ, पण काम पक्कं. त्यांनी पहिल्या दिवशीच सेंटरला नोटीस धाडली की औषधांच्या नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण नष्ट करायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलतर्फे पोलिसांना आधीच कळवलं होतं. जखमांचे फोटो, रक्ताचा अहवाल, सगळं रीतसर घेतलं.

मी म्हटलं, "त्या मिशीवाल्याला शिक्षा झाली की झालं."

"त्याला त्यांनी कालच काढून टाकलाय," वकीलबाई म्हणाल्या. "आता म्हणतील, एक माणूस वाईट निघाला, आमचा काय दोष? पण एका मजल्यावर एवढी माणसं आणि सांभाळायला एकटा तो, हे कुणी ठरवलं? गोळ्या कुणी आणल्या? फोन करूनच या, हा नियम कुणाचा? मला तो एकटा नकोय. मला ती संस्था हवीय."

त्या नियमाचं मी कौतुक केलं होतं. आता बुटांचे कोरे तळही आठवले. माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? चालवलंच नव्हतं यांना, एक पाऊलही.

मग मी त्यांनाही ११ जूनचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल. प्रत्यक्ष पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. आणि तुमचे यजमानही तिथे असतील."

"त्यांना बाहेर नाही का बसवता येणार?"

"दावा त्यांचा आहे," वकीलबाई म्हणाल्या.

१२ जुलै

चष्म्याच्या दुकानात गेले. बाई एका मुलाला अक्षरं वाचायला लावत होत्या. मला बघून ओळख दाखवली नाही. मुलगा जाईपर्यंत मी फ्रेमा बघत उभी राहिले.

"मी तुमची माफी मागायला आलेय," म्हटलं. "माझ्या त्या जबाबामुळे..."

"माझी तक्रार त्यावरच निकाली काढली. मी बाहेर उभी होते, तुम्ही आत बोलत होतात. साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, बाकीची कुटुंबं समाधानी आहेत." त्या काचा पुसायला लागल्या. "माफीचं मी काय करू? घरी नेऊन कुठे ठेवू? मला साक्ष हवी."

"देणार आहे."

"द्या. मग बघू, तुमच्याशी बोलावंसं वाटलं तर."

मी दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाल्या, "कसे आहेत ते?"

"जखम भरतेय."

"माझ्या आईची भरली नाही," त्या म्हणाल्या. रागाने नाही. सांगायचं म्हणून सांगितलं.

२७ ऑगस्ट

हे घरी आहेत. लेकीने रजा वाढवलीय, दिवसा एक मावशी येतात. तिघी मिळून वळवतो.

मोठ्या मॅडमचा फोन आला. आवाज तसाच, मधाळ. "आपलं नातं किती चांगलं होतं. हे कोर्टकचेरीचं कुणी डोक्यात भरवलं? तुमचा जबाब अजून आमच्याकडे आहे हं. उगाच तुमचीच शोभा व्हायची."

पूर्वी कुणी असं बोललं असतं तर मी घाबरून फोन ठेवला असता. आज म्हटलं, "होऊ दे."

४ डिसेंबर

आज आयोगापुढे सुनावणी झाली. सगळं लिहीन म्हणतेय.

आधी यांना विचारलं. सेंटरच्या वकिलांनी मोठ्या आदराने वाकून विचारलं, "काका, सेंटरमध्ये तुमची काळजी घ्यायचे?" हे म्हणाले, "हो." "मग तुम्हाला मारायचे?" "हो." "तुमची पत्नी तुम्हाला मारते?" "हो." मागे कुणीतरी हसलं. यांच्या कपाळावर घाम आला, डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत राहिले. एवढा मोठा माणूस, खांबावरून ओरडला तर अख्खी गल्ली वर बघायची.

मग यांना बोलणं शिकवणारी थेरपिस्ट उभी राहिली. तिने आधी साधी चित्रं मांडली आणि नावं घेतली: पेला, कुलूप, छत्री. यांनी डाव्या हाताने एकेक बरोबर दाखवलं. मग दुसरी चित्रं: झोपलेला माणूस, चालणारा, जेवणारा, बांधलेला. "तुम्हाला तिथे कसं ठेवायचे?" यांनी बांधलेल्यावर बोट ठेवलं. मग काही पुरुषांचे फोटो, सगळे मिशांचे. बोट थेट त्याच्यावर. फोटोंची जागा बदलली, तरी त्याच्यावरच. परत बदलली. यावेळी यांनी तो फोटो पालथा घातला आणि त्यावर पंजा दाबून धरला. आता कुणी हसत नव्हतं.

नंतर मी. वकीलबाईंनी विचारलं तसं ११ जूनचं सांगितलं. मग त्यांचे वकील उठले. आधी माझा जबाब मोठ्याने वाचला. 'माझ्या घरापेक्षाही चांगली.'

"सही तुमची?"

"माझी."

"तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा न बघता बोलले. आज बघितलेलं सांगतेय."

"बघितलंत आणि काय केलंत? नवऱ्याला सोडवलंत?"

"नाही."

"ओरडलात? कुणाला बोलावलंत?"

"नाही. मी परत जाऊन घंटी वाजवली."

"आणि मग?"

"चहा घेतला."

"कुणी दिला?"

"त्यानेच."

"साखर ठीक होती ना?"

अध्यक्षांनी त्यांना झापलं. पण मला तो प्रश्न योग्यच वाटला. मी उत्तर दिलं, "ठीक होती. मी सगळा संपवला." मग म्हटलं, "तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी त्याला लायक आहे. पण मी मागच्या दाराने गेले तेव्हा ते बांधलेले होते, आणि पुढच्या दाराने गेले तेव्हा भांग पाडलेला होता. दोन्ही मी बघितलं."

तेव्हा कुठे यांच्याकडे बघायचा धीर झाला. हे माझ्याकडेच बघत होते. रागाने असते तर बरं झालं असतं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते, कुठे बरं पाहिलंय हिला, असं.

९ डिसेंबर

हे माझ्या हातून जेवत नाहीत. लेकीने भरवलं तर खातात, मावशींनी भरवलं तरी. मी चमचा धरला की तोंड मिटतात. हो म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत.

काल यांच्यासमोर बसून म्हटलं, "मी घाबरले. तुम्हाला टाकून गेले. तुमच्या जागी मी असते तर तुम्ही दार तोडून आत आला असतात." यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसायला गेले तर चेहरा फिरवला. मी रुमाल यांच्या डाव्या हाताशी ठेवून उठले. थोड्या वेळाने बघितलं तर यांनी स्वतःच पुसलं होतं.

६ जानेवारी

आज माझ्या हातून दोन घास घेतले. मग बास.

१८ मार्च

निकाल लागला. सेंटरची नोंदणी रद्द. संस्थेला पूर्ण जबाबदार धरलं. एका नोकरावर ढकलून मोकळं होता येणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. अपुरी माणसं, बांधून ठेवणं, परवानगीशिवाय गुंगीचं औषध, सगळं त्यात आहे. आम्हाला आणि चष्मेवाल्या बाईंनाही भरपाई; त्यांचा दावा आमच्याबरोबरच चालला होता. मिशीवाल्यावर आणि मोठ्या मॅडमवर फौजदारी खटला चालू आहे, तो वर्षानुवर्षं चालेल म्हणतात. माझ्या पहिल्या जबाबाबद्दलही एक ओळ आहे: 'तक्रारदाराच्या पत्नीने शहानिशा न करता दिलेल्या जबाबामुळे आधीच्या चौकशीची दिशाभूल झाली.' लेक म्हणाली, "हे कशाला लिहिलं?" मी म्हटलं, "झालं म्हणून लिहिलं."

बाहेर पायऱ्यांवर चष्मेवाल्या बाई भेटल्या. मग त्यांनी पर्समधून पुडी काढली आणि माझ्या हातावर एक खडीसाखरेचा खडा ठेवला. "घसा कोरडा पडलाय तुमचा," म्हणाल्या. आणि रस्ता ओलांडून गेल्या.

१० मे

लेकीची रजा संपली. गेल्या महिन्यात माझी पाठ धरली, मावशींना एकटीने यांना वळवता येईना. तेव्हा दुसरं ठिकाण बघायला लागलंच. कुठेही जाताना फोन केला नाही. मागच्या दारांनी हिंडले. अंघोळीच्या वेळी गेले, जेवणाच्या वेळी गेले, लोकांच्या पायाशी बसून चपलांचे तळ बघितले. एका ठिकाणी मला चोर समजले.

शेवटी एक ठिकाण ठरवलं. यांना नेऊन दाखवलं. थेरपिस्टच्या पद्धतीने घराचं आणि त्या नव्या जागेचं चित्र समोर ठेवलं. यांनी बराच वेळ विचार करून त्या जागेवर बोट ठेवलं. मला वाईट वाटलं. ते वाटण्याचा मला हक्क आहे का, कळत नाही.

२ जून

आज सकाळी न सांगता नव्या ठिकाणी गेले. दार उघडंच होतं. तिथला अटेंडंट, टक्कल पडलेला, बुटका माणूस, यांची दाढी करत होता. मी उंबऱ्यात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होते. त्याला ते जाणवलं.

"काकू, माझ्यावर भरवसा नाही ना?"

मी ओशाळले, पण म्हटलं, "नाही. वाईट वाटून घेऊ नका. मी अशीच येत राहणार."

"या की." त्याने वस्तरा पाण्यात बुडवून ठेवला, हात पुसले. "तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. पहाटे काकांना उठवताना माझा हात निसटला. खाटेच्या दांडीवर आपटले ते. डावं कोपर सुजलंय. चूक माझी. डॉक्टर येऊन बघून गेले, मोडलेलं नाही. दाढी झाली की तुम्हाला फोन करणार होतो."

मला राग आला. यांचा चालणारा तेवढा एकच हात. पण रागाबरोबर दुसरंही काहीतरी आलं. मी खाटेची कड धरली. कुणीतरी सांगितलं होतं. मी न विचारता.

"दाखवा," म्हटलं.

त्याने यांच्याकडे बघून विचारलं, "काका, काकूंना दाखवू?" हे माझ्याकडे बघत राहिले. मग साबण लागलेल्या तोंडाने यांनी स्वतःच तो हात उचलून माझ्यापुढे धरला.

मी चष्मा लावला, पडदा सारून उजेड घेतला, बाही वर केली आणि नीट बघितलं.